जॅक आणि पाना पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीला गावी निघणाऱ्या गाडीवाल्यांसाठी आपल्या पुरवणीत सूचनांची चौकट आली होती. टायरची हवा, वायपर, दिवे, सगळे रास्त. पण ‘पुढचे ब्रेक पॅड घरीही बदलता येतात, जॅक आणि पाना पुरे’ या ओळीवर थोडे लिहायला हवे. पॅड घरी बदलता येतात यात शंका नाही, ज्या फिरत्या लोखंडी तबकडीला ते दोन्ही बाजूंनी आवळतात ती डिस्कही बदलता येते. मात्र जुने पॅड काढून नवे बसवणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. ब्रेक नीट लागणार की चार महिन्यांनी पेडल थरथरणार, हे ठरते मोजमापावर आणि घासूनपुसून केलेल्या सफाईवर. चौकटीत त्याचा उल्लेख नव्हता.

हे मालकानेच पाहायचे, कारण दुसरे कोणी पाहत नाही. खासगी मोटारीला नोंदणीपासून १५ वर्षे फिटनेस चाचणी लागत नाही आणि पीयूसीवाला फक्त धूर तपासतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० खाली सदोष गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे खरा, पण दोष उघडकीला येतो तो बहुतेक वेळा काहीतरी घडून गेल्यावर.

आधी मोजायचे. नव्या पॅडच्या पत्र्यावर साधारण १० ते १२ मि.मी. जाडीचे घर्षणाचे मटेरियल असते. ते ३ मि.मी.वर आले की पॅड बदलावेत, हा सुरक्षित नियम. रिमच्या फटीतून टॉर्च मारून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला त्याहून जास्त झिजलेला असू शकतो, म्हणून चाक काढल्याशिवाय निदान करू नये. बऱ्याच पॅडांना पत्र्याची एक जीभ असते. मटेरियल संपत आले की ती डिस्कला घासून किंचाळू लागते. तो आवाज ऐकून गाणी मोठ्याने लावणारे महाभाग याच शहरात आहेत.

डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच, कडेला किंवा मधल्या उंचवट्यावर म्हणजे टोपीवर, कोरलेली असते. नवी २२ मि.मी.ची असेल तर किमान २० असा आकडा सामान्यतः सापडतो. मोजताना एक चूक हमखास होते. डिस्कच्या बाहेरच्या कडेला, जिथे पॅड पोहोचत नाही, तिथे न झिजलेला काठ उरतो. व्हर्नियर मापकाचे जबडे त्या काठावर टेकतात आणि डिस्क जाड असल्याचा भास होतो. मायक्रोमीटर नसेल तर दोन्ही बाजूंना एकेक सारखे नाणे धरून मोजावे आणि दोन नाण्यांची जाडी वजा करावी. कडेपासून १० ते १५ मि.मी. आत, निदान सहा जागी मोजावे. सर्वांत कमी आकडा खरा मानावा. किमान जाडीच्या खाली गेलेली, मध्यापासून कडेकडे चिरा गेलेली किंवा निळसर डाग पडलेली डिस्क बदलायचीच. जाडी किमानच्या जवळ असताना ‘लेथवर फिरवून घेऊ’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये. लेथ जाडी आणखी कमी करतो, मग ती डिस्क लवकर तापते. पॅड आणि डिस्क नेहमी डाव्या-उजव्या जोडीनेच बदलतात. एकाच बाजूची बदलली तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते.

सुटे भाग घेताना मॉडेलच्या नावावर जाऊ नये. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार आणि व्हेरिएंटनुसार डिस्कचा व्यास बदलतो. चॅसिस नंबर दाखवून पार्ट नंबर काढून घ्यावा. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत नवा माल मिळतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनाही मिळतो, पण ब्रेकच्या बाबतीत जुन्या मालाकडे पाहूसुद्धा नये. पॅडबरोबर नव्या स्टीलच्या क्लिपा आणि पाठीवरचे शिम (पातळ पत्रे) आहेत का, ते दुकानातच पाकीट उघडून पाहावे.

आता जागा. मुंबईत या कामातली खरी अडचण हीच. सोसायटीच्या रॅम्पवर, स्टॅक पार्किंगच्या पाळण्यावर किंवा रस्त्याच्या कडेला हे काम करायचे नाही. सपाट आणि कठीण जमीन लागते. पेव्हर ब्लॉकवर जॅक ठेवला तर एखादा ब्लॉक दबतो आणि जॅक तिरका होतो. जॅक आणि स्टँड दोन्हींखाली १८ मि.मी. प्लायवूडचा फूटभर चौकोनी तुकडा ठेवावा. गाडीबरोबर मिळालेला कात्रीचा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. दोन जॅक स्टँड, ज्यांना गॅरेजमध्ये घोडी म्हणतात, हवेतच. त्यांची वहनक्षमता गाडीच्या वजनाला पुरेशी असावी, आणि ती लावायची गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या मजबूत जागी. फ्लोअरच्या पत्र्याखाली नव्हे.

अवजारांत व्हील पाना, १२, १४ आणि १७ मि.मी.चे रिंग पाने किंवा सॉकेट, सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रबरी हातोडी, ब्रेक क्लीनरचे दोन कॅन, ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस, जाड तार, केमिस्टकडची मोठी सिरिंज आणि टॉर्क रेंच. शेवटच्या वस्तूला, म्हणजे ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याला, फाटा देऊ नये. पॅडना डिस्कवर दाबणारा जबडा म्हणजे कॅलिपर, तो ज्या चौकटीवर बसतो ती ब्रॅकेट आणि ज्या दांड्यांवर सरकतो त्या गाईड पिना. छोट्या गाड्यांत चाकाचे नट बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटर, कॅलिपर ब्रॅकेटचे बोल्ट ८० ते ११० आणि गाईड पिनचे बोल्ट २५ ते ३५ अशा पट्ट्यात असतात. आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. गाईड पिनचा बोल्ट चाकाच्या नटाइतका आवळणाऱ्याचे आटे जातात किंवा बोल्टच तुटतो.

काम एका वेळी एकाच बाजूचे करावे. दुसरी बाजू जोडलेली राहिली की कोणती क्लिप कुठे होती ते तिच्याकडे पाहून कळते. शिवाय दोन्ही कॅलिपर मोकळे असतील तर एकाचा पिस्टन (ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणारा दट्ट्या) आत ढकलताना दुसऱ्याचा बाहेर येऊ शकतो. हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत, मग गाडी उचलून घोडीवर टेकवावी आणि ढकलून पाहावी. डगमगायची असेल तर ती आताच डगमगू दे.

चाक निघाल्यावर स्टिअरिंग बाहेरच्या बाजूला वळवले की कॅलिपरच्या मागे हात पोहोचतो. गाईड पिनचे दोन बोल्ट काढले की कॅलिपर सुटतो. तो ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही. आतून पाइपचे थर सुटतात, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि पुढे ब्रेक ऑइल परत यायला अडथळा होऊन त्या चाकाचा ब्रेक धरून राहतो. कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगावा. पॅड निघाले की डिस्क बदलण्यासाठी ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट काढायचे. धूळ फुंकरीने किंवा पंपाने उडवू नये. पाकिटावर अ‍ॅस्बेस्टॉसरहित लिहिलेले असले तरी ती बारीक भुकटी श्वासात जाण्यासारखी नसते. ब्रेक क्लीनर मारून, ओली करून फडक्याने टिपावी.

समुद्राकाठच्या आपल्या हवेत डिस्क हबला, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या मधल्या भागाला, गंजाने घट्ट चिकटलेली असते. तिला अडकवणारा एखादा छोटा स्क्रू असेल तर तो आधी काढावा. त्याचे डोके पटकन घासते, म्हणून नेमक्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन, वरून हातोडीचा टोला मारून सैल करावा. बऱ्याच डिस्कना टोपीवर आटे पाडलेली दोन भोके असतात, बहुधा ८ मि.मी.च्या बोल्टांची. त्यांत दोन बोल्ट घालून एकेक फेरा आलटून पालटून आवळले की डिस्क स्वतःच बाहेर येते. भोके नसतील तर गंज सोडवणारे स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि टोपीवर, स्टडच्या (ज्यांवर चाकाचे नट बसतात त्या खुंट्यांच्या) मधल्या जागी, टोले द्यावेत. काही मॉडेलांत डिस्क हबच्या मागून बोल्ट केलेली असते. ती काढायला हब आणि बेअरिंग दाबयंत्रावर न्यावे लागते. हे आधी चौकशी करून ठेवावे, गाडी घोडीवर चढवल्यावर नव्हे.

इथून पुढचा भाग बहुतेक जण उडवतात. डिस्क निघाल्यावर हबच्या तोंडावर गंजाचे खवले आणि थर दिसतात. ते तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढायचे, प्रत्येक स्टडच्या बुडाशीसुद्धा. कारण साधे आहे. हबवर गंजाचा एक पातळ तुकडा राहिला तरी डिस्क किंचित तिरकी बसते आणि तो तिरकेपणा बाहेरच्या कडेला वाढून दिसतो. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे घड्याळी मापक) लावले तर फिरत्या डिस्कच्या कडेचे डोलणे बहुतेक गाड्यांत ०.०५ ते ०.१ मि.मी.च्या आत असावे लागते. एवढे डोलणे सुरुवातीला जाणवत नाही. पण ब्रेक न मारताही डिस्कचा तो उंच भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला चाटून जातो आणि हळूहळू तिथेच पातळ होतो. जाडीत ०.०२ मि.मी.च्या आसपास फरक पडला की पेडलमध्ये धक्के येऊ लागतात. तोवर काही हजार किलोमीटर झालेले असतात. मग ‘डिस्क वाकली’, ‘तापलेल्या डिस्कवर पावसाचे पाणी पडले’ अशी कारणे सांगितली जातात आणि आणखी एक जोडी विकली जाते. बऱ्याच वेळा डिस्क वाकलेली नसते. हब साफ केलेला नसतो किंवा चाकाचे नट इम्पॅक्ट गनने (झटके देत आवळणाऱ्या यंत्राने) एकीकडे जास्त, एकीकडे कमी आवळलेले असतात. डायल गेज असेल तर डिस्क बसवून दोन-तीन नट वॉशरसह आवळावेत आणि मोजावे. डोलणे जास्त आले तर डिस्क एका स्टडने फिरवून पुन्हा बसवावी आणि पुन्हा मोजावे. पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असते. ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी धुवावे, नाहीतर तेच तेल नव्या पॅडमध्ये मुरते आणि ते पॅड बाद होतात. डिस्कमागचा पातळ पत्रा हाताच्या धक्क्याने वाकतो. तो डिस्कला लागत नाही ना, हे डिस्क हाताने फिरवून पाहावे. काम झाल्यावर येणाऱ्या ‘खर्र’ आवाजाचे कारण अनेकदा तोच असतो.

दुसरी उडवली जाणारी गोष्ट म्हणजे गाईड पिन. एका पिस्टनच्या कॅलिपरमध्ये पिस्टन आतला पॅड ढकलतो आणि कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन अडकली की दोन्ही पॅडना सारखा दाब मिळत नाही. एकाच चाकाच्या आतल्या-बाहेरच्या पॅडमध्ये दोन-तीन मि.मी. फरक किंवा पॅड तिरपा झिजलेला दिसला, तर नुसते पॅड बदलून उपयोग नाही. नवेही तसेच झिजतील. दोन्ही पिना बाहेर ओढाव्यात, जुने ग्रीस पुसावे, गंज दिसल्यास पिन बदलावी. वरची आणि खालची पिन सारखी असेलच असे नाही. एकीवर रबरी बाही असते, त्यांची अदलाबदल करू नये. ग्रीस सिलिकॉनचेच, पातळ थराने. बेअरिंगचे साधे ग्रीस लावले तर आतले रबर फुगते आणि पिन पहिल्यापेक्षा घट्ट अडकते. खूप ग्रीस भरले तर भोकात हवा कोंडते आणि पिन आत जात नाही. ब्रॅकेटवर पॅडचे कान जिथे बसतात तिथला गंजही खरवडून काढावा आणि मगच नव्या क्लिपा बसवाव्यात. पॅड हाताने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल, तर खाली गंज राहिला आहे.

पिस्टन आत ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण उघडून पातळी पाहावी. झिजलेल्या पॅडच्या काळात कोणी वरून ऑइल भरले असेल तर आता ते उतू जाते, आणि हे ऑइल रंग खाते. सिरिंजने थोडे काढून घ्यावे. पिस्टनवर जुना पॅड ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबावे. पुढचा पिस्टन सरळ आत जातो. हँडब्रेक कॅलिपरमध्येच असलेल्या मागच्या डिस्क ब्रेकला ही रीत चालत नाही. तिथे बहुधा पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो, आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड लागतो. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत एबीएस (जोरात ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आले. ऑइल फार जुने आणि काळपट असेल तर ते एबीएसच्या युनिटकडे उलटे ढकलू नये. कॅलिपरवरच्या निपलला (हवा आणि ऑइल बाहेर सोडण्याच्या तोटीला) पारदर्शक नळी लावून, निपल सैल करून, पिस्टन दाबताना ते बाहेर बाटलीत घ्यावे, दाब सोडण्याआधी निपल बंद करावी आणि नंतर ऑइलमध्ये शिरलेली हवा रीतसर काढावी. हवा काढायला माणूस किंवा सवय नसेल तर निपलला हात लावू नये. पिस्टनभोवतीचे रबरी कव्हर फाटलेले किंवा आजूबाजूला ओल दिसली, तर काम तिथेच थांबवावे. कॅलिपरची सील किट (आतली रबरे) बदलणे गॅरेजचे काम आहे. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत दार उघडताच ब्रेकचा पंप जागा होऊ शकतो, त्यांना कंपनीची रीत पाहिल्याशिवाय हात लावू नये.

जोडताना आवाज देणारी जीभ कोणत्या पॅडला आणि कोणत्या टोकाला होती ते दुसऱ्या बाजूला पाहावे. घर्षणाच्या तोंडाला बोट लावू नये. पॅडला ग्रीस लावायचे ते फक्त पाठीवर आणि कानांवर, तेही उच्च तापमानाचे. रबरी पाइपला पीळ पडला नाही ना, ते पाहावे. चाकाचे नट हाताने बसवून समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. टायर जमिनीला टेकल्यावर टॉर्क रेंचने अखेरचे आवळावे.

आणि गाडी सुरू करण्याआधी, जागेवरच, पेडल सावकाश दाबत राहावे. पिस्टन आत गेलेला असल्याने पहिले काही दाब रिकामे जातात, पेडल थेट खाली बसते. सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढताना समोरच्या खांबावर आदळायची असेल तर हे विसरावे. पेडल कडक झाल्यावर टाकीतली पातळी खुणांच्या मध्ये आहे का पाहावी. ब्रेक ऑइलची लाइन कुठेही उघडलेली नसताना पेडल स्पंजासारखे लागत असेल, तर गाडी रस्त्यावर आणू नये.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसायला वेळ लागतो. रिकामा रस्ता मिळाला तर ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवावा, मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्यावा आणि पूर्ण थांबू नये. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभे राहिले तर मटेरियलचा डाग उमटतो. मात्र मुंबईत असा रस्ता पहाटेशिवाय नाही, आणि ईस्टर्न फ्रीवेवर हा प्रयोग करणे म्हणजे मागून येणाऱ्याला आमंत्रण. जमत नसेल तर पहिले ३०० किलोमीटर अंतर राखून, हलक्या पायाने चालवावे. म्हणूनच हे काम गावी निघण्याच्या आदल्या रात्री करू नये, आठ-दहा दिवस आधी करावे. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासावेत. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर येणारा नारिंगी थर दोन-चार ब्रेकांत जातो. त्याने घाबरून जाऊ नये.

घाटाच्या दृष्टीने ऑइलही तितकेच महत्त्वाचे. कोल्हापूरमार्गे कोकणात जाणारे आंबा किंवा करूळ घाट उतरतात. भरलेली गाडी, वरच्या गिअरमध्ये, पाय सतत ब्रेकवर, अशी उतरवली तर डिस्कची उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात आणि पेडल खाली जाते. पॅड कितीही नवे असोत. मुंबईच्या दमट हवेत दोन वर्षांनी ऑइल बदलावे, टाकीवर लिहिलेल्या दर्जाचे, बंद डब्यातले. अर्धे वापरून ठेवलेल्या बाटलीतले घालू नये.

ज्यांना हे सगळे झेपणारे नाही त्यांनी गाडी खुशाल गॅरेजला द्यावी, पण शेजारी उभे राहावे. हबला तारेचा ब्रश लागला का, गाईड पिना बाहेर निघाल्या का, आणि चाकाचे नट शेवटी गनने आवळले की टॉर्क रेंचने, एवढे तीनच प्रश्न विचारावेत. कारागीर चांगला असेल तर त्याला राग येणार नाही.

आपला,
आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडचा निवृत्त शिल्पनिदेशक,
मुलुंड (पूर्व), मुंबई